खुलासा : 'उर्दू' म्हणजे छावणीत जन्मलेली भाषा नव्हे

'उर्दू हा तुर्की शब्द, अर्थ लष्कर. म्हणून ही भाषा सैनिकांनी छावणीत तयार केली,' असा मजकूर फिरतो आहे. शब्द तुर्की आहे हे खरे. पुढचे अनुमान साफ चूक.

प्राचीन तुर्कीत 'ओर्दू' म्हणजे राजाचा मुक्काम. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यातील इ.स. ७३२च्या शिलालेखात ओगुझ या तुर्की टोळ्यांनी ओर्दूवर घातलेला छापा कोरलेला आहे. तिथे तुर्कांचा राजा बिल्गे खान याची आई, बहिणी, वहिन्या होत्या. त्याचा भाऊ कुल तेगीन याने पांढऱ्या घोड्यावर स्वार होऊन नऊ जणांना भाल्याने भोसकले, ओर्दू शत्रूच्या हाती पडू दिली नाही. ११व्या शतकात तुर्की कोशकार महमूद काश्गरी अर्थ देतो तो राजाच्या नगराचा. 'सैन्य' हा अर्थ आजच्या तुर्कस्तानातला. मंगोल 'ओर्दोन' मात्र राजवाडाच, आणि इंग्रजी 'होर्ड' म्हणजे झुंड.

दिल्लीत 'उर्दू-ए-मुअल्ला' (थोर ओर्दू) म्हणजे शाहजहानाबाद, बादशहाचे शहर. तिथली भाषा ती 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला'. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आटून नुसते 'उर्दू' उरले. भाषा त्याआधीच हिंदवी, रेख्ता या नावांनी नांदत होती. तिचे व्याकरण दिल्लीच्या आसपासच्या खडी बोलीचे, म्हणजे मराठीसारखेच प्राकृतातून आलेले.