गावची कार्यशाळा तालुक्याला कशी न्यावी

गावातल्या शाळेची हातकामाची कार्यशाळा उचलून तालुक्याला न्यायची म्हणताय? उत्तम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'हब अँड स्पोक' लिहिलेलंच आहे: एका शाळेत यंत्रं, बाकीच्यांनी येऊन वापरायची. येणार कशी, एवढाच किरकोळ प्रश्न. तर पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, हे ठणकावून सांगा. गाडी वेळेवर येते का, हा एसटीवाल्यांचा विषय. त्यात आपण नाक खुपसू नये.

पालकसभा घ्याच. मुहूर्त मात्र ऐन लावणीतला, सकाळी अकराचा. येतील त्या दोघा-तिघांच्या हजेरीच्या म्हणून सह्या घ्या आणि वर 'सर्वानुमते मंजूर' लिहा. ग्रामसभेने विरोधाचा ठराव धाडलाच तर आवक क्रमांक टाका. बारनिशीत गेलेला कागद पुढे कोणाला त्रास देत नाही.

खरी डोकेदुखी पाबळची. सभेत एखादे निवृत्त गुरुजी उठतातच. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय शाळांत गेला, पोरं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, शिकवायला गावातलाच कारागीर आणि कामही गावाचंच: कोणाचं फाटक जोडायचं, कोणाची माती तपासायची, कोणाचा रक्तगट. बोलू द्या त्यांना. (खरं बोलतायत, म्हणून तर जपून.) मग शांतपणे विचारा, "गुरुजी, हे फाटक यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, कोणत्या रकान्यात भरायचं?"

तालुक्याच्या केंद्रात असला गोंधळ नाही. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या जोडायच्या, फोटो काढायचा, पुढच्या शाळेसाठी पुन्हा कापायच्या. गळका फवारणी पंप घेऊन कोणी शेतकरी दारात उभा राहत नाही. लेथवरचं प्लास्टिकही तसंच ठेवा, उद्घाटनाला साहेबांना आवडतं. कारागीर निदेशकाचं मानधन वाचतं ते वेगळंच. तो काय, पुन्हा आपल्या दुकानात बसेल.

इतकं करूनही गावकरी 'टाळे ठोको' आंदोलनावर आले तर चिडू नका. ठोकू द्या टाळं. लगेच पंचनामा करा, 'भेटीच्या वेळी शाळा बंद आढळली, पटावरील एकही विद्यार्थी हजर नाही' असा शेरा मारा आणि त्याच फाईलला प्रस्ताव जोडा. आता कार्यशाळाच कशाला, अख्खी शाळाच हलवता येईल.