तान्ह्या बाळाच्या डोक्याखालची उशी आधी काढा

परवा रात्री धाकट्या बहिणीने भाचीचा फोटो पाठवला. नऊ आठवड्यांचं बाळ, डोक्याखाली मधे खळगा असलेली मऊ उशी, आणि हनुवटी पार छातीला टेकलेली. "ताई, आता डोकं छान गोल होईल ना?" मी लगेच फोन करून आधी उशी काढायला लावली, मग विचारलं, हे कुठून आलं? तर तोच मेसेज, 'बाळाला पहिल्या दिवसापासून उशी का हवी'. माझ्याकडेही तो दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. आता मुद्दा धरून उत्तर देते.

"दूध उलटलं तर श्वासनलिकेत जाईल, म्हणून डोकं उशीवर उंच ठेवा." सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्याखाली, पाठीकडे. उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागेल. बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. उशीने उलट बिघडतं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं, मागून फुगीर, आणि मान आखूड. त्याखाली उशी सरकवली की मान पुढे दुमडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. स्वतःची हनुवटी छातीला घट्ट टेकवून पाच-सहा श्वास घेऊन बघा. आपल्याला मान उचलता येते, त्या जिवाला येईलच असं नाही. आणि वळताना नाक उशीत रुतलं, तर सोडलेलीच हवा पुन्हा आत जात राहते. अशा वेळी बाळ रडून कळवेल या भरवशावर राहू नका.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या शिफारशी यावर स्पष्ट आहेत: पहिलं वर्ष बाळाला उताणं, टणक आणि सपाट गादीवर झोपवा, जवळ उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको. दूध उलटणाऱ्या बाळांनाही हेच लागू, डोक्याकडची बाजू उंच करायची नाही.

"उशी नसेल तर डोकं चपटं होतं." यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. १९९० च्या दशकात बाळांना उताणं झोपवायचा सल्ला सुरू झाला, झोपेतले अचानक मृत्यू अमेरिकेत निम्म्याहून कमी झाले, आणि मागून चपटी डोकी जास्त दिसू लागली. पण त्यावर इलाज उशी नाही. जागेपणी, आपण समोर बसलेलो असताना बाळाला थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं आणि झोपताना डोक्याची दिशा बदलत राहायचं. बाळ सतत एकाच बाजूला मान ठेवत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. डोक्याला आकार देणाऱ्या या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्येच दिला आहे.

"मान आखडते", "गाढ झोप लागत नाही": दोन्ही निराधार. कुशीवर झोपल्यावर आपल्या रुंद खांद्यांमुळे मानेखाली पोकळी राहते, म्हणून आपल्याला उशी लागते. बाळाचे खांदे केवढे! "पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावा" हेही नको, त्यांच्यात तोंड दबतं.

मग उशी कधी? वर्षाच्या आत नाहीच. पुढेही घाई नको. बरेच बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांच्या आसपास म्हणतात, आणि मूल तिसऱ्या वर्षीही उशीविना मजेत झोपत असेल तर काही बिघडत नाही. पांघरुणाची घडी स्वतःहून डोक्याखाली ओढू लागलं की समजायचं, आता हवी आहे. उशी लहान, पातळ, दाबली तर फार न दबणारी असावी. आत दाणे किंवा मणी नकोत, खोळीला बटणं-लेस नको. कठड्याच्या पाळण्यात तर नकोच, मूल तिच्यावर चढून बाहेर पडतं. आणि मध्यरात्री उशी एकीकडे आणि मूल आडवं दुसरीकडे दिसलं, तर झोपू द्यावं तसंच. उशी पुन्हा डोक्याखाली सरकवायची गरज नाही.