आमचं इष्टदैवत सिअ‍ॅटलला असतं

भाऊबिजेला जेवणं उरकल्यावर धाकट्या भावाने सगळ्यांसमोर विषय काढला. "ताई, भावोजी म्हणाले, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सकाळी तू ओट्याला टेकून रडत होतीस. कोण गेलं?"

"सिअ‍ॅटल मरिनर्स गेले," मी म्हटलं.

सगळे हसले. भाचा तर ताट ठेवून हसला. "आत्या, ते बेसबॉलवाले? हातमोजे घालून कॅच घेतात ते?" तेव्हा तोंडात करंजी होती, उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी नाशिकची. बँकेत तेहतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी काउंटरवर आणि निम्मी खतावण्या जुळवण्यात. क्रिकेट घरात सगळेच बघायचे, मीही बघायचे. म्हणजे पोळ्या लाटता लाटता स्कोअर विचारायचे. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत मुलाकडे सिअ‍ॅटलला तीन महिने राहायला गेले. त्याच्या ऑफिसात कुणीतरी दोन तिकिटं वाटली आणि तो मला सामन्याला घेऊन गेला. त्याला स्वतःला बेसबॉलचं काडीइतकं कौतुक नाही. पूर्ण वेळ फोनवर होता.

मैदान मात्र बघण्यासारखं. वर सरकतं छप्पर, पण बाजू उघड्या, म्हणजे एक भलीमोठी छत्रीच. शेजारून आगगाड्या जातात आणि ऐन मोक्याला भोंगा वाजवतात. खाण्याच्या स्टॉलवर भाजलेले नाकतोडे मिळतात, तिखट-लिंबू लावून. थट्टा करत नाहीये. मी लसणाचे फ्राइज घेतले आणि नाकतोड्यांकडे पाठ करून बसले.

पहिला तासभर काही कळलं नाही. मग शेजारच्या खुर्चीकडे लक्ष गेलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, अशा एक आजी एकट्याच बसल्या होत्या. मांडीवर आडवी वही, हातात पेन्सिल, कानामागे दुसरी पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर खाली बघून काहीतरी टिपत होत्या. मी डोकावतेय हे बघून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि एका इनिंगमध्ये मला सगळं शिकवलं. प्रत्येक फलंदाजाला एक रकाना, त्यात छोटा चौकोन टोकावर उभा केलेला, तोच मैदानाचा नकाशा: कोपरे म्हणजे बेस, सगळे फिरून आला की एक धाव. क्षेत्ररक्षकांना नंबर: पिचर म्हणजे गोलंदाज १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजव्या बाजूच्या आउटफिल्डरपर्यंत ९. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. बॅट फिरवून स्ट्राइकआउट, म्हणजे तीनदा चेंडू हुकून बाद, झाला तर के. नुसता बघत राहून झाला तर तोच के उलटा.

पण मला जिंकलं ते शेवटच्या हिशोबाने. सामना संपला की ताळा करायचा. जेवढे फलंदाज खेळायला आले, तेवढीच बेरीज तीन गोष्टींची आली पाहिजे: धावा, बाद झालेले आणि बेसवर अडकून राहिलेले. एकाने जरी कमीजास्त आली तर कुठेतरी चुकलंय, परत मागे जा. तेहतीस वर्षं मी संध्याकाळी हेच केलं होतं! आजींचा ताळा जुळला. त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या, अगदी आमच्या रोजकीर्दीला ओढायचो तशाच. त्या दिवशी कोण जिंकलं ते आज आठवत नाही. दोन रेघा आठवतात.

दुसऱ्या दिवशी मुलाकडून चौकटीचं रजिस्टर मागवून घेतलं.

आता मूळ मुद्दा. भावाचं म्हणणं, आपला संघ सोडून दुसऱ्याच्या लग्नात कशाला नाचायचं? मी म्हणते, आपल्याकडे कुलदैवत असतं आणि इष्टदैवतही असतं. कुलदैवत जन्माने मिळतं, तिथे निवड नाही. भारताचा क्रिकेट संघ हे माझं कुलदैवत. बोडण, गोंधळ, नवस, सगळं त्याचं. पण इष्टदैवत ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि का ठरवलं ते कुणाला सांगावं लागत नाही. कोकणातल्या माणसाने तिरुपती मानला तर कुणी त्याला "तुझा काय संबंध" असं विचारत नाही.

आणि संबंधच काढायचा तर ऐका. १९९२ मध्ये हा संघ परगावी जायच्या बेतात असताना निन्टेन्डोच्या हिरोशी यामाउची यांच्या पैशांमुळे तो सिअ‍ॅटलमध्ये राहिला. हे गृहस्थ राहायचे जपानमध्ये, क्योटोला. २०१३ मध्ये वारले. तोवर एकदाही आपल्या संघाचा सामना बघायला मैदानावर गेले नाहीत. मी निदान दोनदा गेलेय. (दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, एकटी, लाइट रेलने. त्याचा मला अजून अभिमान आहे.)

मरिनर्सच का, हा भाच्याचा प्रश्न. जिंकणारा तरी निवडायचा, डॉजर्स आहेत, यँकीज आहेत. बाळा, ज्याला फक्त जिंकणारं हवं त्याने शेअर घ्यावेत. मरिनर्स १९७७ मध्ये सुरू झाले. मोठ्या लीगमध्ये तीस संघ आहेत आणि त्यातला आजवर वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, पायरीसुद्धा न चढलेला एकमेव संघ हा आमचा. जिंकणं सोडा, हरायलाही पोचलेले नाहीत. २००१ मध्ये १६२ पैकी ११६ सामने जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. इचिरो नावाचा मोठा खेळाडू जपानहून आला त्याचं ते पहिलं वर्ष. आणि मग यँकीजकडून हरून घरी. त्यानंतर एकवीस वर्षं प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं, तोंड पाहिलं नाही. वनवास चौदा वर्षांचा असतो, यांनी दीडपट भोगला.

तो संपला २०२२ च्या ३० सप्टेंबरला. मी नाशिकला परतले होते, आपल्याकडे शनिवारची सकाळ होती, नवरात्र चालू होतं. ओकलंडविरुद्ध बरोबरी, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद (तिसरा बाद की आमचा डाव संपला), तीन बॉल दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक स्ट्राइक की बाद. बदली आलेल्या आमच्या कॅल रॅलीने होमरन मारला, आपला षटकारच समजा. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले आणि देवापुढे बसलेल्या ह्यांचा जप चुकला. पंधरा दिवसांनी ह्यूस्टनविरुद्ध रात्री दीडला बसले ती सकाळी आठला उठले. अठरा इनिंग, एरवीच्या दुप्पट! सतरा इनिंग दोघांच्याही शून्य धावा, अठराव्यात ह्यूस्टनची एक, आणि आम्ही बाहेर. माझ्या रजिस्टरची आडवी पानं संपली, उरलेलं वाण्याच्या बिलामागे लिहिलं. ताळा जुळला.

खरं तर हा खेळ मला जडला तो वेळेमुळे. सिअ‍ॅटलला संध्याकाळी सहा चाळीसला सामना सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात दहा. दूध आलेलं असतं, पहिला चहा झालेला असतो. एका कानात रेडिओची कॉमेंट्री लावते. रिक रिझ नावाचे जुने समालोचक आहेत, होमरन गेला की "गुडबाय बेसबॉल" म्हणतात. भाजी निवडायची, कुकर लावायचा, मध्येच वहीत खूण करायची. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. वर्षाला १६२ सामने असले की एका पराभवाचं कुणी सुतक पाळत नाही. ११६ जिंकणारेसुद्धा ४६ हरले होते. दहापैकी सात वेळा अपयशी ठरणाऱ्या फलंदाजाला इथे थोर म्हणतात. २०२३ च्या १९ नोव्हेंबरला वर्ल्ड कप फायनल हरलो तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस कुणी धड बोलत नव्हतं, घराघरातली अब्रू गेल्यासारखी. क्रिकेटमध्ये आपण खेळ कमी बघतो आणि मान-अपमान जास्त मोजतो, हे माझं स्पष्ट मत आहे. लांबच्या संघात ती भानगड नाही. त्यांच्या हरण्याने माझी अब्रू जात नाही. तिथे मी निव्वळ खेळ बघते.

असं मी २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत ठामपणे सांगायचे.

मधल्या काळात मुलाने नोकरी बदलली आणि कुठे गेला असेल? ह्यूस्टनला. आमच्याच गटातला संघ, २०१७ मध्ये कचऱ्याचे डबे बडवून फलंदाजाला पुढचा चेंडू कसला ते कळवणारे. मुलगा म्हणाला, "आई, आता तू अ‍ॅस्ट्रोजची फॅन हो, मी टोपी पाठवतो." मी म्हटलं, तू शिफ्ट झालास, मी नाही झाले.

तर २०२५. कॅल रॅलीने ६० होमरन मारले. तो कॅचर आहे, म्हणजे विकेटकीपर समजा, अर्धा सामना उकिडवा बसणारा माणूस. कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा. (त्याचं टोपणनाव बिग डंपर आहे. त्याचा अर्थ मुलाला विचारला तर तो लाजला. कंबरेखालच्या ऐवजावरून आहे, एवढंच सांगते.) सप्टेंबरमध्ये तिकडच्या एका चाहत्याने ऑनलाइन पैसे भरून एका चेटकिणीकडून संघावर मंत्र टाकून घेतला आणि संघ जिंकतच सुटला. लोकांना केवढं नवल! आमच्याकडे मीठ-मोहरी ओवाळतात, त्याला पैसेही पडत नाहीत. होमरन मारून आलेल्या खेळाडूच्या हातात त्रिशूळ देतात तेव्हा शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे महादेवाचे आहेत होय? मग त्र्यंबकेश्वरला अभिषेक घाल ना." विचार केला होता मी, खोटं कशाला बोलू.

२००१ नंतर पहिल्यांदा गट जिंकला. मग डेट्रॉइटविरुद्ध पंधरा इनिंगचा निर्णायक सामना, शनिवारी पहाटे सुरू झाला तो साडेदहापर्यंत. आमच्या पोलान्कोने विजयी फटका मारला तेव्हा भाजणी दळायची राहिली होती, गिरणी बंद व्हायची वेळ झाली होती. आणि मग टोरंटो. जो जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. पहिले दोन सामने त्यांच्या घरी जाऊन जिंकले, पुढचे दोन आपल्या घरी हरलो. पाचवा आला धनत्रयोदशीला पहाटे. आठव्या इनिंगमध्ये आधी कॅलने बरोबरी साधून दिली, मग तिन्ही बेस भरलेले असताना आमच्या सुआरेझचा होमरन, एका फटक्यात चार धावा, याला ग्रँड स्लॅम म्हणतात. सिअ‍ॅटलचे जुने समालोचक डेव्ह नीहाउस अशा वेळी म्हणायचे, आजीबाई, राय ब्रेड आणि मोहरीचा सॉस काढा, ग्रँड सलामीची वेळ झाली! ही सलामी म्हणजे मांसाचा एक प्रकार, स्लॅमवरची कोटी. आमच्या घरी ती शिजत नाही. मी धने-गुळाचा नैवेद्य तोंडात टाकला.

सहावा नरकचतुर्दशीला. पहाटे साडेपाचला सुरू, आणि सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान. मी चारलाच उठून माझं उरकलं. ह्यांना उटणं लावायला बसले तर कानात रेडिओ, आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सलग तीन इनिंगमध्ये आमच्यावर डबल प्ले, म्हणजे एका चेंडूवर दोघं बाद. "अगं, पाठ सोलवटतेय," हे म्हणाले. माहेरच्या पद्धतीने पायाखाली कारीट फोडायचं असतं नरकासुर म्हणून. मी टोरंटो म्हणून फोडलं. उपयोग झाला नाही, ६-२ हरलो.

सातवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. हुलिओ रॉड्रिगेझचा होमरन, कॅलचा होमरन, ३-१ ने पुढे. सातवी इनिंग. अजून आठ बाद केले की वर्ल्ड सिरीज, ४८ वर्षांत पहिल्यांदा. दोन बेसवर माणसं, आणि खेळायला टोरंटोचा जॉर्ज स्प्रिंगर. तोच, २०१७ च्या ह्यूस्टनवाल्यांतला. चेंडू डावीकडे उंच गेला. मी पेन्सिल खाली ठेवली नाही, पण लिहिताही येईना. होमरन. टोरंटो ४-३ ने पुढे. नवव्यात आमचे तिन्ही स्ट्राइकआउट. शेवटचा हुलिओ. पुढचा नंबर कॅलचा होता, साठ होमरनवाला माणूस बॅट घेऊन तयार उभा, आणि त्याची पाळी आलीच नाही.

लांबून बघितलं की लागत नाही, हा माझा सिद्धांत तिथे ओट्यापाशी संपला. पुढे टोरंटोसुद्धा वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात हरले, तेही अकराव्या इनिंगला. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

त्या दिवशी ताळा मात्र केला. डोळे पुसून तिथेच बसले. फलंदाज मोजले, धावा, बाद, बेसवर अडकलेले. जुळला. कॅलचा शेवटचा रकाना कोरा राहिला.

संध्याकाळी पूजा मांडली. आमच्याकडे ह्यांच्या दुकानाची वही लक्ष्मीपुढे ठेवायची पद्धत, अजूनही पहिलं पान लाल शाईने लिहितात. अक्षता आणायला आत गेले आणि परत आले तर पाटावर दुकानाच्या वहीशेजारी माझं रजिस्टर. हे समई पुसण्यात फार मग्न असल्यासारखे दिसत होते. मी काही बोलले नाही. दोन्हीवर हळदकुंकू वाहिलं. फक्त रजिस्टर ह्यांनी शेवटच्या पानावर उघडं ठेवलं होतं, ते मिटून ठेवलं.