“चांगला लॅपटॉप सांग ना!”

बजेट विचारलं की “तूच सांग”, काम विचारलं की “सगळंच”. अहो, सगळंच म्हणजे टॅली, ऑटोकॅड की नुसतं यूट्यूब? वर्ड, एक्सेल, ब्राउझरला 16 जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), 512 जीबी एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायचं वेगवान स्टोरेज) आणि फुल एचडी आयपीएस (बाजूनंही रंग नीट दिसणारी) स्क्रीन रग्गड झाली. रॅम मदरबोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असेल आणि जादा स्लॉट नसेल, तर 8 जीबीवाला घेऊच नका. पुढे वाढवता येत नाही. नुसत्या “आय सेव्हन” प्रोसेसरवर भाळू नका, त्याची पिढी (किती नवा ते) बघा.

एवढं सांगून आणतात काय? सेलमधला 4 जीबी रॅम, 64 जीबी ईएमएमसीवाला (स्वस्त, हळू स्टोरेजचा) डबा! विंडोज 11 ची किमान अटच 64 जीबी स्टोरेजची, अपडेट मावणार कुठे? वर फर्मान: “त्यात एसएसडी टाकून दे.” ईएमएमसी बोर्डालाच चिकटलेली, एम डॉट टू स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) नाही. कुठे टाकू, कीबोर्डवर?