“इथे आपण सगळे सारखेच” हे आता ऐकवत नाही

सकाळी आमच्या, म्हणजे मानसिक आजारातून जाणाऱ्यांच्या, सपोर्ट ग्रुपवर एका नव्या मुलीने लिहिलं, की कामाच्या ठिकाणी तिच्या रंगावरून रोज काहीतरी बोललं जातं आणि रात्र रात्र झोप लागत नाही. दहा मिनिटांत उत्तर आलं, “अगं, वंश, रंग असलं काही इथे नको. इथे आपण सगळे सारखेच.” त्याखाली सात बदाम.

सात! तिला मात्र एकानेही विचारलं नाही, की काय बोलतात गं?

मला तो मुलगा आठवला. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीला यायचा. कृष्णवर्णीय, विशीतला, कायम दाराजवळच्या खुर्चीत. तीन आठवडे गप्प होता. चौथ्या वेळी म्हणाला, “बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. लोक उभे राहतात, पण बसत नाहीत.” बोलताना हातातल्या कागदी कपाची कड नखाने सोलत होता. कुणीतरी अगदी मायेने म्हणालं, “तो तुझा आजार बोलतोय रे.” त्याने कप खुर्चीखाली ठेवला. पुन्हा कधी आला नाही.

आजार म्हणे! १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने, गुलाम पळून जातात हाच एक आजार ठरवला होता, त्याला भारदस्त नावही दिलं होतं. त्याला आपण नावं ठेवतो. आणि आपल्याच गोलात बसून वेगळं काय केलं? कुणी सांगितलं की मला आवाज ऐकू येतात, तर आपण त्याला खोटं पाडत नाही, शांतपणे ऐकून घेतो. मग बसमधली रिकामी जागा ऐकायलाच एवढं जड का जावं?

गटात वाद पेटू नयेत, हे मान्य. आधीच खचून आलेल्या माणसाला आपल्यावरच आरोप होतोय असं वाटू शकतं, हेही कबूल. पण तेवढ्यासाठी बोलणाऱ्यालाच गप्प करायचं?

चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने १९७० मध्ये अशा रोजच्या बारीक ओरखड्यांना मायक्रोअ‍ॅग्रेशन हा शब्द दिला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वंशवादाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. उशिरा का होईना, मागितली. आपण तर डॉक्टरही नाही. आपल्याकडे ना औषध ना डिग्री. “तुझ्यावर माझा विश्वास आहे” एवढंच आपण देऊ शकतो, आणि तेही माणसाचा रंग बघून आखडतं घ्यायचं?

इथपर्यंत लिहिताना राग होता. आता नाही. कारण त्या दिवशी मी त्याच्या बरोबर समोर बसले होते. त्याने कप ठेवला तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं. माझ्या डिप्रेशनच्या सगळ्यात वाईट दिवसांत याच गोलातल्या लोकांनी मला धरून ठेवलं होतं, त्यांना दुखवायला नको म्हणून मी मान खाली घातली. खुर्च्या उचलताना तो कप मीच कचऱ्यात टाकला. कड अर्धी सोललेली होती.

त्या मुलीला मी वेगळा मेसेज केला आहे: काय बोलतात ते मला सांग, मला ऐकायचंय. गुरुवारी तिच्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवणार आहे. कुणी “सारखेच” म्हणालं, तर त्या कपाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगणार, माझ्या खाली घातलेल्या मानेसकट.