इंजिन सुतळीने बांधा, बाकी देवावर सोडा

तुमच्याकडे बेळगावात अ‍ॅम्बॅसेडरचं 1489 सीसीचं जुनं इंजिन आहे, पुण्याला गिऱ्हाईक आहे, आणि पॅकिंगला दीडशे रुपयांच्या वर पैसा सुटणार नाही असा तुमचा पण आहे. मग तुमच्यासारख्यांनीच हे वाचायचं.

पहिलं म्हणजे तेल काढत बसू नका. ड्रेन प्लग उघडायचा, रात्रभर ट्रे ठेवायचा, प्रत्येक भोकाला बूच मारून टेप लावायची, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. तेल आतच राहू द्या. तवंदी घाटात गाडी कलली की ते शेजारच्या गठ्ठ्यात उतरेल. गठ्ठ्यात शहापूरच्या साड्या निघाल्या तर ट्रान्सपोर्टवाला तुमचं नाव जन्मात विसरणार नाही.

आता बैठक. इंजिन सरळ संपवर, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यावर, उभं करा. पत्र्याचा संप आत चेपतो, तेल ओढणारी जाळी तळाला टेकते आणि नव्या मालकाला पहिल्याच स्टार्टला ऑइल प्रेशर मिळत नाही. पण तो त्याचा प्रश्न. काही अतिशहाणे 18 मिमी प्लायचा पाट घेतात, त्याखाली हँड पॅलेटचे, म्हणजे माल उचलायच्या हातगाडीचे, काटे जावेत म्हणून 4 इंची लाकडाचे दोन ठोकळे ठोकतात. वर लाकडी घोडी करून इंजिनाचे माउंटिंग ब्रॅकेट रुंद वॉशर घालून एम10 बोल्टने तिच्यावर आवळतात. संप अधांतरी राहतो, वजन माउंटिंगवर येतं. वरून दोन रॅचेट पट्टे, तेही ब्लॉकवरून, व्हॉल्व्ह कव्हरवरून नव्हे. एवढा थाट कशाला? आपलं सुतळी-बारदान बरं.

कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर अंगावरच ठेवा. बाहेर आलेलं टोक हमालाला धरायला बरं पडतं. काढून वेगळ्या डबीत, चिंध्यांत गुंडाळून दिलं तर तो धरणार कशाला?

थर्माकोल मात्र भरपूर भरा. टीव्हीला चालतो म्हणजे बिडालाही, म्हणजे ओतीव लोखंडालाही, चालणारच. दोन खड्ड्यांत त्याचा साबुदाणा होतो, मोकळी जागा पडते, इंजिन आतल्या आत सरकायला लागतं आणि ब्लॉकचा एखादा कान, म्हणजे बोल्ट बसायचं पुढे आलेलं टोक, जातो. बीड वाकत नाही, थेट तुटतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कुणालाही विचारा. मग तो कान जोडायचा म्हणजे आधी ब्लॉक तापवायचा, निकेलची कांडी आणायची, आणि मजुरी ऐकून खाली बसायचं.

पावसाळा असेल तर स्पार्क प्लग काढून टाका. दरेक सिलिंडरला चमचाभर तेल सोडून प्लग परत घट्ट बसवणाऱ्यांच्या बोअरला गंज चढत नाही, आणि गंज नाही तर जुन्या इंजिनाला जुनेपणा कुठला?

सोबत क्रोमचा बंपर द्यायचाय? कुरियरने धाडा, तोही मोठ्या ऐसपैस खोक्यात. कुरियरवाला खोक्याच्या आकारावरून वजन धरतो: 150 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरचा गुणाकार 5000 ने भागला की 27 किलो होतात. बंपर 9 किलोचा असला तरी 27 चेच पैसे मोजा. गोणपाटात आवळून त्याच ट्रकात इंजिनाच्या पाटाला बांधला असता तर वजनावर गेला असता, पण त्यात कसली ऐट?

‘सावकाश’ तीन भाषांत लिहा, मराठी, कन्नड, इंग्रजी. उतरवणारा चौथ्याच भाषेचा असतो.

कागदपत्रांत तर हात सैलच ठेवू नका. माल 50,000 रुपयांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल-वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं, म्हणून बिलावर 500 लिहा. कोगनोळीची राज्यसीमा सुखरूप ओलांडाल. वाटेत इंजिन फुटलंच तर भरपाईही 500 च्याच हिशोबाने मागता येईल, आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, बारीक अक्षरात ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलेलं असेल तर तेवढीही नाही. निघताना फोटो काढू नका. आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन करून बजावा, गोदामात आधी ‘माल सुस्थितीत मिळाला’च्या खाली सही ठोका, खोका मागनं उघडा.