तालुक्याचं पान

६ जानेवारी, म्हणजे मराठी पत्रकार दिन आला की फेसबुकवर दोन प्रकारच्या पोस्टी येतात. एक म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचा फोटो आणि खाली त्यांचं 'दर्पण', मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, १८३२. दुसरी म्हणजे सकाळचा चहा, पेपरचा वास आणि 'हल्लीच्या पोरांना काय कळणार'. यातली दुसरी पोस्ट टाकणाऱ्या निम्म्या लोकांनी स्वतःचा पेपर कधीच बंद केलाय. माझ्याच ओळखीतले आहेत, म्हणून माहीत. पहाटे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुकटची पीडीएफ येते, त्यात राशिभविष्य आणि निधनवार्ता बघायच्या, झालं वाचन.

मला त्या वासाचं काही वाटत नाही. पेपर बंद पडणंही आपल्याला नवीन नाही. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ला निघाला, शंभर वर्षं चालला आणि १९५१ला मिटला. मुंबईत 'डीएनए'ची छापील आवृत्ती २०१९ला थांबली, 'मुंबई मिरर' दैनिक म्हणून २०२०च्या शेवटी गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने घरोघर पेपर टाकायला मनाई केली होती. सोसायट्यांनी तर त्याआधीच पेपरवाल्याला गेटवर अडवलं होतं. निर्बंध उठले, पण कितीतरी घरांत पेपर पुन्हा लागला नाही. दोन महिने न वाचता काही अडत नाही हे लोकांना कळलं, ते कळलंच.

आणि खरंच काय अडलं? २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा चढत होती, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा लोक मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांकडे डोळे लावून होते. दुसऱ्या दिवशी पेपरात कालची पातळी वाचून कोण सामान माडीवर चढवणार? तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यातला दर त्याच दिवशी शेतकऱ्याच्या फोनवर असतो. स्थळं, भाड्याची घरं, नोकऱ्या, या सगळ्या छोट्या जाहिराती वेबसाइटवर गेल्या. पेपरच्या किमतीतून छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही, तो जाहिरातीतूनच भरून निघायचा. त्यात आपला निम्म्याहून जास्त न्यूजप्रिंट परदेशातून येतो. २०२२ला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि कागद कडाडला, पानं रोडावली. इथवर मोबाइलला दोष देऊन उपयोग नाही.

पण पूर ओसरल्यावर काय? पंचनामा कुणाचा झाला, कुणाचा राहिला, ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही त्याचं नाव अनुदानाच्या यादीत कसं, हे फोनवर आपोआप येत नाही. त्यासाठी तलाठ्याकडे चार खेपा घालून यादी मिळवणारा आणि ती ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो. पेपरकडे असा माणूस होता, तालुक्याचा वार्ताहर.

त्याचं काय करून ठेवलं बघा. मोटरसायकलवर 'प्रेस' लिहिलेलं, पण मानधनात पेट्रोलही सुटत नाही. कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, साहेबांचा वाढदिवस, प्रत्येकाचं वेगळं टार्गेट. काही ठिकाणी जाहिरातदाराने पैसे बुडवले तर वसुली वार्ताहराच्याच खिशातून. ज्या कारखान्याच्या चेअरमनकडून अर्धं पान घ्यायचं, त्याच कारखान्याने उसाची बिलं थकवल्याची बातमी त्यानेच द्यायची. मी एकाला छेडलं होतं. "देतो की बातमी, आधी जाहिरातीचं बिल तर निघू दे," म्हणाला. वर मलाच विचारलं, "तुमच्या ओळखीत कुणाचा वाढदिवस आहे का?"

मग ते पान कसं दिसणार? अमुक भाऊंच्या वाढदिवसानिमित्त वह्यावाटप. तमुक शाळेत वृक्षारोपण, फोटोत एका रोपाभोवती दहा-बारा माणसं, खाली सगळ्यांची नावं हुद्द्यासकट आणि रोप कसलं ते नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तर एकमेकांच्या स्पर्धेतल्या मराठी पेपरांत शब्दशः एकच मजकूर बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते कात्रणांसकट उघड केलं आणि 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द आपल्याकडे घरोघर पोचला. त्या वर्षी गावाकडे किती जणांच्या हातात स्मार्टफोन होता? विश्वास आधी उडाला, वाचक नंतर गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. संपादकांना ते आवडणार नाही.

मधली काही वर्षं राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. नगरसेवक नाहीत, सभेत हात वर करणारं कुणी नाही, एका सहीवर ठेके निघतायत. वार्ताहराची कधी नव्हे इतकी गरज होती, आणि पानभर पेव्हर ब्लॉकच्या कामांची भूमिपूजनं छापून येत होती.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती जाहीर नोटिशीची. भूसंपादनाचा २०१३चा कायदा सांगतो की प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापायची, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं हवं. कर्ज थकून बँकेने घराचा ताबा घेतला की तीही नोटीस दोन पेपरांत. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने आपण सगळे अजून रोज पेपर वाचतो! जमिनीच्या व्यवहारात वकील हरकती मागवतात तेही पेपरातूनच. ज्याला हरकत नकोच असते, त्याने कुठला पेपर निवडायचा हे तहसील कचेरीबाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. आमच्या नात्यात सामाईक जमिनीचा एक व्यवहार असाच झाला. नोटीस रीतसर निघाली होती, मात्र ज्या पेपरात निघाली तो गावात एकाही घरी येत नव्हता. आता दावा चालू आहे, तारखा पडतायत. या नोटिसा गट नंबर टाकून शोधता येतील अशा सरकारी वेबसाइटवर टाकणं सक्तीचं का करत नाहीत? छोट्या पेपरांचं शेवटचं उत्पन्न जाईल म्हणतात. जाऊ दे. फक्त नोटिशींसाठी निघणारे पेपर बंद पडले तर मला सुतक नाही.

ऑनलाइन आलेले काय वेगळं करतात म्हणाल, तर फारसं नाही. यूट्यूब चॅनेलची पोरं माइक घेऊन त्याच उद्घाटनाला उभी असतात. त्यांचंही पोट त्याच वाढदिवसांवर, उलट फ्लेक्सपेक्षा व्हिडिओ स्वस्त पडतो म्हणून गर्दी जास्त.

पैसे द्यायची माझी तयारी आहे. महिन्याला शे-दोनशे, कागदावर या नाहीतर फोनवर. पालिकेचा कुठला ठेका कुणाला गेला, किती रकमेचा, आधीच्याने काम पुरं केलं होतं का, एवढं नावानिशी आणि नेमाने लिहा. वाढदिवस छापू नका. तासगाव, पलूस, विट्याकडे असं कुणी खरंच करत असेल तर नाव कळवा, आजच वर्गणी भरतो.